मधला फोटो

मंगळवार, ४ मार्च

छोटे,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम माझ्याच हाताने लिहिला आहे. ऑफिसात टाइप करून घेतला असता तर तू कुठलं तरी बिल समजून पाकीट फोडलं असतंस. पण तुला फसवून काही उघडायला लावायचं नाही असं ठरवलंय. अक्षर ओळखशीलच. फेकायचं तर फेक. आधीची तीन परत आली तसं हेही परत आलं, तर निदान तू अजून त्याच पत्त्यावर आहेस एवढं कळेल.

माझं गुडघे सोडून बाकी ठीक आहे. अजून त्याच जाहिरात कंपनीत, त्याच तिसऱ्या मजल्यावर बसते. फक्त निगेटिव्ह बघायच्या लाइटबॉक्सच्या जागी दोन पडदे आलेत आणि ब्रशच्या जागी एक पेन, ज्याला शाई लागत नाही. काम तेच, फोटोतल्या बायकांचे चेहरे धुवायचे, डाग पुसायचे. इथली पोरं मला तोंडावर 'धोबीण' म्हणतात. मला राग येत नाही, कारण खोटं काही नाही त्यात.

लिहायचं कारण असं की आमच्या नव्या मॅडमनी जुनी कपाटं उपसून आमच्याच जुन्या जाहिराती भिंतीवर लावल्या. मॅडम म्हणजे कॅम्पेनच्या प्रमुख, वय माझ्या नोकरीइतकं. एका जाहिरातीत बाई दार उघडून उभी आहे आणि खाली ओळ आहे, 'ते आजही उशिरा आले. आपण आरशात पाहिलंत का?' दुसरीत बाईला डोकंच नाही, नुसते हात आणि बादली. सगळी पोरं पोट धरून हसत होती, मीही हसले. मग मॅडमनी शेवटची लावली. ती तुझी होती. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', आणि तळाला ती ओळ, 'फोटोंना हात लावलेला नाही.'

तुझी लेक याच शहरात शिकते हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं. कंपनीतल्या कुणीतरी तिला शोधून काढलं आणि ती गुरुवारी आमच्याकडे आली. तुझ्यासारखीच टाचा न टेकवता चालते. बोलते मात्र अखंड, म्हणून मी तिचं नाव टकळी ठेवलंय. मला म्हणाली, "तुम्ही मावशी! आईच्या अल्बममधे तुमचा नुसता खांदा आहे, बाकीचं कापलंय." मी म्हटलं, खांदा तरी बरा आलाय का? तर म्हणे, हो, छान आहे.

तिला एक क्रीम चाळीस दिवस लावायचं आणि रोज एक फोटो द्यायचा, असं काम मिळालंय. आठ मार्चला सुरुवात, महिला दिन साधून. नाव नवं आहे, डबी नवी आहे. काळजी करू नकोस, मी आहे इथे.

मी

('ताई' लिहिलं होतं. खोडलं.)


सोमवार, १७ मार्च

छोटे,

पत्र परत आलं नाही. हरवलं असेल किंवा तू ठेवून घेतलं असशील. मला दोन्हीची भीती वाटते.

आज टकळीचा दहावा दिवस. सकाळी ती हॉस्टेलच्या खिडकीशी उभी राहून फोटो काढते आणि मला पाठवते. मी तो धुते, संध्याकाळी मॅडम पास करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सातला तो कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर चढतो. चढवायचं कामही माझंच आहे. खाली तिच्या तोंडी एक ओळ असते. परवाची होती, 'कुणासाठी नाही, मी माझ्यासाठी उजळतेय.' मला ती भिंतीवरची दार उघडून उभी असलेली बाई आठवली. तिला नवऱ्याची भीती घातली होती. हिला कुणाचीच घातलेली नाही, तरी ही त्या बाईपेक्षा जास्त वेळ आरशापुढे असते. मॅडमना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अहो, तेव्हा आपण बाईला गप्प बसवायचो. आता बोलू देतो ना?" बोलू देतो खरं. मजकूर आमचा असतो, एवढंच.

टकळी म्हणाली, तू या कामाला आधी साफ नाही म्हणालीस. मग तिने 'साधं मॉइश्चरायझर आहे' म्हणून तुला गुंडाळलं. "आई रोज चहा घेताना माझा फोटो बोटांनी मोठा करून बघते, गालावर काही उठलंय का ते. मग नुसता अंगठा पाठवते." व्हिडिओवर बोललात तरी तिचा फोनच तिचा चेहरा न विचारता गुळगुळीत करतो, हल्लीचे फोन तसेच असतात. हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगू? मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तू रोज माझं काम बघतेस.

सकाळी तिच्या गालांवर जराशी लाली असते, गार पाण्याने तोंड धुतल्यावर होते तशी. ती मी पुसते. हाताला सवयच आहे.

मी


शुक्रवार, २८ मार्च

छोटे,

पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं ते आधी दुरुस्त करते. 'कंपनीतल्या कुणीतरी तिला शोधून काढलं.' ती कुणीतरी म्हणजे मी.

जानेवारीत आमच्याकडे चेहरे धुणारं यंत्र आलं. मला जे करायला दुपार लागते ते मिनिटात करतं आणि गुडघ्यांची तक्रार करत नाही. मॅडमनी गोड शब्दांत सुचवलं की आता तुम्ही आराम करा. त्याच आठवड्यात तुझी जाहिरात भिंतीवर लागली. त्या म्हणाल्या, "हिला एखादी मुलगी असती तर काय कॅम्पेन झालं असतं!" आणि मी तोंड उघडलं. म्हटलं, असती कशाला, आहे. ही माझी बहीण आहे, हिची मुलगी इथून वीस मिनिटांवर राहते. त्या दिवसापासून माझ्या आरामाचं कुणी काही बोललेलं नाही. चाळिसाव्या दिवशी जुनी जाहिरात आणि टकळी शेजारी शेजारी येणार आहेत. आई 'आधी', मुलगी 'नंतर'. टकळीला हे ठाऊक आहे, तुझ्यासाठी ते सरप्राइज आहे. "आईला त्या फोटोची लाज वाटते ना मावशी, ती मला धुऊन काढायचीय," असं म्हणते. लाज तुझी नव्हतीच, हे तिला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

तिला नाही सांगता आलं, तुला सांगते. त्या दिवशी मॉडेल आली नाही. तू माझा डबा घेऊन आली होतीस. मी तुला स्टुलावर बसवलं, म्हटलं, दिव्यांची चाचणी आहे, कुठे छापायचं नाही. फोटो एकच काढला. एकच, छोटे. त्याच्या दोन प्रती केल्या. एकीवर तुझी कातडी दोन छटा उजळली. दुसरीवर डोळ्यांखाली काळं भरलं, गालांवर तपकिरी डाग काढले, ओठांची टोकं जराशी खाली ओढली. आमच्या धंद्यात 'आधी' अशीच बनते, रंगवून. तिलाच जास्त वेळ लागला, तीन दिवस. तू त्या दोघींपैकी कुणीच नव्हतीस. तू मधली होतीस, आणि मधली कधी छापलीच नाही.

बसस्टॉपवर ती लागली तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते. तू पोस्टरवर आपल्याच गालावरचा डाग नखाने खरवडून पाहिलास. मग विचारलंस, "ताई, मी तुला अशी दिसते?" मी तळाची ओळ वाचून दाखवली, 'फोटोंना हात लावलेला नाही.' गुपित ठेवायच्या कागदावर माझी सही होती हे खरं, पण खरं कारण ते नव्हे. त्या डागांचं ऑफिसात फार कौतुक झालं होतं. पुढे बक्षीसही मिळालं. मग तू ते क्रीम आणलंस, माझ्यापासून लपवून वर्षभर लावलंस, आणि तुझ्या गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. अजून उन्हात तोंड झाकून निघतेस, असं टकळी म्हणाली.

ती बरी आहे. दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात म्हणते. "मावशी, इतकं छान दिसतं!" परीक्षा जवळ आली आहे, डोळ्यांवर ताण येत असेल.

मी


शनिवार, ५ एप्रिल

छोटे,

हे पत्र उघड. बाकीची राहू देत, हे उघड.

यंत्राला शिकवण्यासाठी मॅडमनी टकळीचे न धुतलेले फोटो मागितले. मी सगळे ओळीने पडद्यावर मांडले. इतके दिवस मी ते असे कधी पाहिलेच नव्हते. रोज एकच फोटो यायचा, आणि रंग जुळवायला मी शेजारी कालचा ठेवायचे, म्हणजे मीच धुतलेला. कालची टकळी नेहमीच स्वच्छ असायची. आजची तिच्यापासून फार दूर नसायची, पुसलं की झालं. एखादी नवशिकी असती तर मूळ फोटो उघडून बसली असती. मी तीस वर्षं मुरलेली.

ओळीने पाहिले तेव्हा दिसलं. नवव्या दिवसापासून लाली आहे. पंधराव्याला गालावर बारीक लाल रेघा आहेत. बाविसाव्याला पापण्या सुजल्यात. सव्विसाव्यापासून डावा डोळा उजव्यापेक्षा कमी उघडतोय. आणि मी तो रोज उजव्याइतका उघडत होते. आठवणही नाही मला ते केल्याची. हाताने केलं.

कोपऱ्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे डबी आणि फोटो घेऊन गेले. ते म्हणाले, "डबीवर काहीही लिहिलेलं असो, असे गाल माझ्याकडे रोज येतात. यात स्टेरॉइड असणार, आणि चांगलं कडक. पापण्यांना लावते का?" मी हो म्हटलं. "दिव्याभोवती गोल दिसतात का?" मी काही सांगायच्या आतच त्यांनी हे विचारलं. म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आजच. आतला दाब वाढत असेल तर जी नजर जाईल ती परत येत नाही."

तुला फोन लावला. "मी ताई" एवढंच म्हटलं आणि तू ठेवलास. पुन्हा लावला तर वाजतही नाही. तुझं काही चुकलं नाही. तुझ्या जागी मीही ठेवला असता.

मी


मंगळवार, ८ एप्रिल

छोटे,

हे तुला वेळेत मिळणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिते आहे. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

तीन दिवस टकळीच्या हातापाया पडते आहे. ती पडदे ओढून बसते, उजेड खुपतो म्हणून. "लाल होतं म्हणजे काम करतंय, माहितीपत्रकातच आहे. आठ दिवस राहिले मावशी, आता सोडू?" डॉक्टरचं सांगितलं तर म्हणे, तुम्ही म्हाताऱ्या बायका सगळ्याला घाबरता. मी आरसा उचलून तिच्यापुढे धरला. तिने तो बाजूला केला आणि फोनवर मी धुतलेला फोटो काढून दाखवला. "ही बघा मी. आरशातला उजेड वाईट आहे." इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

निघताना म्हणाली, "आईला कळवलंत तर तुमच्याशी बोलणार नाही." काल सकाळपासून फोटो येतात, ती फोन घेत नाही. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना भेटले. त्या म्हणतात, "तुम्ही मावशी असाल हो, पण नोंद आईची आहे. आईचा फोन येऊ द्या, मी स्वतः घेऊन जाते." तुझ्या दारात यायचं तर चौदा तासांचा प्रवास, आणि दार उघडशीलच असं नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी उठून आधी दार लावलं, म्हणजे त्यांनाही भीती वाटली असावी. मग म्हणाल्या, "लेखी काही आहे का? चाळीस होऊ द्या, मग बघू. तोवर तुमच्या हातात जादू आहेच." दुपारी त्यांनी उद्याचा फोटो पास केला. सुंदर झालाय. डावा डोळा उजव्याइतका उघडा आहे.

तो फोटो उद्या चढणार नाही. तू माझी पत्रं उघडत नाहीस, माझा फोन घेत नाहीस. पण रोज सकाळी चहा घेताना तू एक पान उघडतेस, आणि ते पान माझ्या हातात आहे.

मी


बुधवार, ९ एप्रिल, सकाळी ७.१५

छोटे,

सातला चढवला. न धुतलेला. सगळे डाग, सगळ्या रेघा, सुजलेली पापणी, आहे तसं. खाली टकळीच्या तोंडची ओळ काढून माझी लिहिली, 'या फोटोला हात लावलेला नाही. आधीच्या एकतीस फोटोंना लावला होता. आईने ताबडतोब हॉस्टेलला फोन करावा.'

एकच भीती आहे. तू फोटो मोठा करशील, डाग बघशील, आणि म्हणशील, हिनेच रंगवले असतील. ही यातच तर हुशार आहे. हिने मला नाही का फसवलं? आणि चहा संपवून कामाला लागशील. छोटे, मी यातलं काहीही रंगवलेलं नाही गं. हे खरे आहेत.

मॅडमचा फोन चौथ्यांदा वाजतोय. पाच-दहा मिनिटांत फोटो उतरवतील. तू चहा कितीला घेतेस, ते मी तिला विचारलंच नव्हतं.


शुक्रवार, २ मे

छोटे,

मागितलास म्हणून सोबत पाठवते आहे. पुठ्ठ्यामध्ये घातलाय, पाकीट कात्रीने उघड, ओढू नकोस.

त्या दिवशी तुझा फोन गेल्यावर वॉर्डनबाई तिला साडेआठलाच इस्पितळात घेऊन आल्या होत्या. मी बाकावर बसून होते. तू दुसऱ्या दिवशी पोचलीस, ओढणीने तोंड गुंडाळलेलं, पिशवीतून माझी चार पाकिटं डोकावत होती, चारही फोडलेली. "गाडीत वाचली," म्हणालीस, मला नव्हे, भिंतीला. मग टकळीजवळ गेलीस आणि काही न विचारता अंगठा जिभेला लावून तिच्या गालावरचा डाग पुसलास, शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसतात तसा. एकदा पुसलास. परत एकदा, जोरात. ती "आई, दुखतंय" म्हणाली. डाग निघाला नाही. मग तू वळून माझ्याकडे पाहिलंस. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

उजवा डोळा वाचला हे डॉक्टरांनी मलाही सांगितलं. डाव्याची कडेची नजर गेली ती गेली, उरलेली टिकते का ते दोन महिन्यांनी कळेल असं म्हणाले. रोज उठल्याबरोबर मी डावा डोळा हाताने झाकून घरभर चालून बघते, तिला किती दिसत नसेल ते. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो.

नोकरी गेली, ते ठीकच. डॉक्टरांचा कागद, डबी आणि सगळे मूळ फोटो जोडून तक्रार दिली आहे, पोच म्हणून शिक्का मारून घेतला आहे. गरज लागली तर मी काय केलं तेही सांगेन, नाव घालून. पण सोमवारपासून त्या पानावर दुसरी मुलगी आली आहे. डबीचा रंग बदललाय. धुवायचं काम आता यंत्र करतं. मी रोज सकाळी सातला पान उघडते आणि तिचा फोटो बोटांनी मोठा करून गाल बघते, तू बघायचीस तशी. काहीच दिसत नाही. म्हणूनच घाबरते.

तुमची गाडी सुटायच्या आधी तू पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. "ताई, तो मधला आहे का अजून?" मी मान हलवली. म्हणालीस, "हिला दाखवायचाय. आरशावर टॉवेल टाकून बसते." गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणालीस, "मीही कधी पाहिला नाही."

निगेटिव्ह चोवीस वर्षं माझ्याच कपाटात होती. जुन्या ओळखीच्या फोटोवाल्याकडे जाऊन त्याच्या अंधाऱ्या खोलीत छापून घेतली. छापताना तुझ्या भुवईवर कांजिण्यांचा तो खड्डा दिसला आणि माझा हात ब्रशकडे गेला. दोनदा गेला. शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले आणि फोटो वाळू दिला. फोटोवाला म्हणाला, "काय हो, थंडी वाजतेय का?"

खड्डा तसाच आहे. नाकाशेजारी थोडं तेल चमकतंय, तेही आहे. डाव्या गालावर केसाची एक बट चिकटलीय, तू चालत आली होतीस ना, डबा घेऊन. डोळे जरा बारीक झालेत, दिवा समोर होता म्हणून. आणि तू हसतेयस, माझ्याकडे बघून. दिवा लावताना मी काहीतरी चेष्टा केली होती, ती काय होती ते आता आठवत नाही.

याला हात लावलेला नाही.

ताई